पांढरं कोणाचं, पिवळं कोणाचं

कळंबला येणारा माणूस चिंतामणीसाठी येतो. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि कुंडातलं पाणी चढलं की गंगा आली म्हणून लांबलांबचे लोक दर्शनाला लोटतात. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं हे ठाणं होतं, आइन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. गावाबद्दल लिहिणारे बहुतेक जण एवढं सांगून थांबतात. मी या गावात सून म्हणून आले ती अंड्यांच्या ठोक व्यापाऱ्याच्या घरात. आधी सासऱ्यांच्या आणि नंतर नवऱ्याच्या दुकानाचं खातं मीच लिहीत आले. त्यामुळे मला ठाऊक असलेला कळंबचा इतिहास अंड्याचा आहे. तो कोणी लिहिला नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आज माझ्या फ्रीजमध्ये पातळ एग व्हाईटचा डबा असतो. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, डायलिसिस चालू आहे. डायलिसिसमध्ये अंगातलं प्रोटीन निघून जातं, म्हणून ते भरपूर खावं लागतं. पण दूध, डाळ, मटण यांतून प्रोटीनबरोबर फॉस्फरसही येतो, आणि बिघडलेली किडनी तो बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात साठला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. अंड्याच्या पिवळ्यात साधारण ६५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, पांढऱ्यात जेमतेम ५. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, पांढरं खा, पिवळं सोडा. आयुष्यभर ज्या घराने अख्खं अंडं विकलं, त्या घरात आता अर्धंच अंडं शिजतं. पांढरं वेगळं काढण्याची ही रीत आपल्या भागात कुठून आणि कोणाकोणाच्या हातांतून आली, हा प्रश्न मला तिथे पडला.

माझं माहेर याच तालुक्यात, मेटीखेड्याच्या बाजूला. माझ्या लहानपणी घरात कोंबड्या होत्या, पण अंडं खायला मिळत नसे. त्यामागे साधा हिशेब होता. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. दहा-पंधरा अंडी दिली की ती खुडूक होते आणि मग अंडी देणं बंद. आजी तिला डाल्याखाली कुटाराच्या बिछान्यावर बसवायची आणि खाली बारा-तेरा अंडी ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. वर्षातून दोन-तीन वेळा असं बसवलं की निम्म्याहून जास्त अंडी त्यातच जात. उरलेली बाजारात जात किंवा सायकलवर टोपली बांधून फिरणारा व्यापारी दारावरून घेऊन जाई.

सहा-सात दिवस झाले की आजी रात्री कंदील जवळ ओढून बसायची. कोंबडीखालचं एकेक अंडं काढायची, मुठीचा पोकळ नळा करून त्यावर धरायची आणि उजेडासमोर न्यायची. "पाय, आतमधी लाल शिरा दिसते का?" दिसली तर अंडं परत कोंबडीखाली. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते 'वांझं', बाजूला. घरात आम्हा पोरांच्या वाट्याला येणारी अंडी ही अशी, आठवडाभर कोंबडीच्या उबेत राहिलेली. आजीने ती कधी फेकली नाहीत. चांगलं अंडं मागितलं की म्हणायची, "अंडं खाल्लं म्हणजे कोंबडीच खाल्ली समज, पोरी." अंड्यांचे पैसे हे तिचे स्वतःचे पैसे होते. कापसाचा पैसा आजोबांच्या हातात जायचा, अंड्याचा तिच्या कनवटीला. मीठ, बांगड्या, माझ्या आत्याच्या बाळंतपणातलं तूप, सगळं त्यातून आलं. वऱ्हाडातल्या शेकडो घरांत बाईच्या हाती खेळणारी रोख रक्कम कोंबडीच्या खुराड्यातून येत होती. कापसाच्या इतिहासाची इतकी पुस्तकं झाली, या पैशावर मात्र एखादं पान सापडणं कठीण.

अंडं खाण्याच्या बाहेरही लागायचं. नजर लागली की उताऱ्यात अंडं, देवाच्या कबुलात अंडं. पण नुसतं पांढरं वेगळं काढताना मी पहिल्यांदा पाहिलं ते हाडवैद्याकडे. माझ्या चुलतभावाचा हात बैलगाडीवरून पडून मोडला होता. त्या माणसाने हात ओढून हाड बसवलं, एका वाटीत अंडी फोडून पांढरं तेवढं घेतलं, त्यात उडदाचं पीठ कालवलं, जुन्या धोतराची पट्टी त्यात भिजवून हाताभोवती गुंडाळली आणि वरून बांबूच्या कांब्या बांधल्या. वाळल्यावर ती पट्टी टणक झाली. पांढऱ्यातलं प्रोटीन वाळलं की कडक आणि चिकट धरतं, त्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक होतं. अशा पट्ट्या जास्त आवळल्या गेल्याने रक्त थांबून हात-पाय गमावलेले लोकही आहेत, त्यामुळे आज कोणी मोडलेलं हाड घेऊन तिकडे जाऊ नये. पण मला आठवते ती काकू. वाटीत उरलेली पिवळी तिने गरम दुधात साखर घालून फेटली आणि तिथेच, ओट्यावर, रडणाऱ्या पोराला पाजली. पांढरं हाताला आणि पिवळं पोटाला. गरिबीच्या घरात दोन्ही भागांना जागा होती.

जगात पांढरं मोठ्या प्रमाणावर वेगळं काढलं गेलं तेही आधी खाण्यासाठी नव्हे. १८५० साली फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला फोटोचा कागद तयार केला आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभरचे फोटो त्यावर छापले गेले. आपल्याकडचे राजा दीनदयाळ यांनी काढलेले निजामाच्या दरबाराचे फोटोसुद्धा अशाच कागदावरचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात या कागदासाठी दिवसाला साठ हजार अंडी फुटत असत. एवढ्या पिवळ्याचं काय करायचं? ते चामडं कमावणाऱ्यांकडे जाई. या व्यवहारातली मेख तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे. पांढरं वेगळं विकायचं असेल तर पिवळ्याला गिऱ्हाईक हवं. ते नसेल तर पांढरं परवडत नाही, किंवा पिवळं उकिरड्यावर जातं.

आमच्या भागात अंड्याची आणखी एक अडचण होती, ती मनाची. कळंब देवस्थानाचं गाव, माळकरी घरं बरीच, आणि वर्धा तासाभराच्या वाटेवर. सेवाग्राम-पवनारचा प्रभाव इथल्या शिकल्या-सवरल्या घरांवर होता. गांधीजींचा अंड्याशी झालेला सामना त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवला आहे. १९०२ च्या सुमारास मुंबईत दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने फणफणला होता. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला, आणि गांधीजींनी मुलाच्या जिवाची जोखीम घेऊन नकार दिला. तेच गांधीजी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावरच्या छोट्या पुस्तकात लिहितात की कोंबड्याशिवाय दिलेल्या अंड्यातून पिल्लू होतच नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, पण वाट मोकळी केली. चाळीस वर्षांत एवढा मोठा माणूस अनुभवाने आपलं मत तपासून पाहतो, याचा माझ्या सासऱ्यांना फार आदर होता. दुकानावर कोणी "देवाच्या गावात काय हे" असं म्हणालं की ते हीच गोष्ट शांतपणे सांगत. चतुर्थीला मात्र दुकान बंद ठेवत. श्रावणातही माल अगदी थोडा मागवत.

त्यांनी धंदा सुरू केला तो टोपलीवर. जोडमोहा, मेटीखेडा, आजूबाजूच्या आदिवासी वस्त्यांवरून, म्हणजे पोडांवरून, आणि गावांतून गावरान अंडी गोळा करायची, टोपलीत कुटाराचा थर, त्यावर अंडी, पुन्हा कुटार असं रचून यवतमाळला एसटीच्या टपावरून न्यायची. कळंब ते यवतमाळ बावीस-तेवीस किलोमीटर, रस्ता तेव्हाचा. पोचेपर्यंत किती फुटतील याचा भरवसा नसे. घेताना प्रत्येक अंडं पाण्याच्या घमेल्यात सोडून पाहायचं. तळाशी आडवं पडलं तर ताजं, टोकावर उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर नासकं. अंड्याच्या टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून आतलं पाणी उडून जातं आणि हवेची जागा वाढते, म्हणून जुनं अंडं उभं राहतं. सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांचं बोट घमेल्यातून फिरलं की निवाडा झालेला असे.

मग पांढरी कोंबडी आली. सरकारी पशुसंवर्धन खात्याने व्हाईट लेगहॉर्नची पिल्लं साठच्या दशकापासून वाटली होती, पण आमच्या उन्हात ती तग धरत नसत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि मरते. खरा बदल झाला तो दुसरीकडे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. पुढे पुण्याला तिचं मुख्य ठाणं झालं. तिथून बी. व्ही. ३०० ही वर्षाला तीनशेच्यावर अंडी देणारी, खुडूक न होणारी कोंबडी देशभर गेली. माझ्या आजीच्या कोंबडीच्या पाचपट. अंडी वाढली तसे दर पडले. दलाल म्हणतील त्या भावात माल टाकावा लागत होता, उत्पादन खर्चही निघत नव्हता. राव यांनी गावोगाव फिरून पोल्ट्रीवाल्यांना एकत्र केलं आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. अंड्याचा भाव अंडी पिकवणाऱ्याने जाहीर करायचा, हे तिचं सूत्र. रोजचा भाव शेकड्यावर निघू लागला. नागपूरचा भाव कळला की आमच्या पाटीवर खडूने आकडा लिहिला जाई. अंडं रोज खा असं सांगणारी त्यांची टीव्हीवरची जाहिरात मुलांच्या तोंडी बसली, आणि ज्या घरांत अंडं दाराआडून जात असे तिथले लोक समोरून मागू लागले.

तेलंगणाकडून पांढरकवड्यामार्गे रात्री ट्रक येऊ लागले. टोपली गेली, तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आला, सात ट्रेंची पेटी आली, पेटीत २१० अंडी. उन्हाळ्यात आम्ही दुकानाला गोणपाटाचे ओले पडदे लावत असू आणि माल दोन दिवसांच्या वर ठेवत नसू. देशाचे आकडे हाच बदल सांगतात. १९५०-५१ साली भारतात वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी होत, माणशी पाच. २०२३-२४ साली १४,२७७ कोटी झाली, माणशी १०३. माझ्या लहानपणीच्या वांझ्या अंड्याला या आकड्यांत जागा नाही, पण ज्या पोरांना आज ठेल्यावर उकडलेलं अंडं सहज मिळतं, त्यांना हा फरक कळावा असं मला फार वाटतं. मधे धक्केही बसले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि शेकडो किलोमीटर दूर कळंबात आमच्या दुकानावर दिवसभर कोणी फिरकलं नाही. नीट शिजवलेल्या अंड्यातून हा आजार होत नाही, हे आम्ही सांगत राहिलो. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

आता पातळ अंड्याकडे येते. लोकांना वाटतं की डब्यातलं अंडं हे काल-परवाचं शहरी खूळ आहे. तसं नाही. आमच्या दुकानात पातळ अंडं ट्रेच्या पहिल्या दिवसापासून होतं. ट्रक उतरवला की प्रत्येक ट्रे बघायचा. ज्याला बारीक तडा गेला पण आतली पातळ त्वचा शाबूत आहे ते 'चिरलेलं', ते भुर्जीच्या गाडीवाल्याला कमी भावात. ज्यातून पाणी गळतंय ते फुटकं. ते सासरे कडीच्या डब्यात फोडून टाकत आणि पोऱ्याला हाक मारत, "बेकरीवाल्याले नेऊन दे, उनं व्हायच्या आत." पांढरं-पिवळं एकत्र, डबाभर. टोस्टवर चकाकी आणायला, स्वस्त केकला, असं ते जाई. एका सकाळी डब्यातून वास आला आणि सासऱ्यांनी सगळा डबा मोरीत ओतला. त्यानंतर आम्ही फुटकं अंडं विकणं बंद केलं, नुकसान सोसलं. तडा गेलेल्या टरफलातून साल्मोनेला आत जातो, आणि फुटलेलं अंडं उन्हात तासा-दोन तासांत जंतूंचं घर होतं. भुर्जी किंवा केक पुरता शिजला तर धोका कमी, पण अर्धवट शिजलेल्याचा भरवसा नाही.

कारखान्यातल्या डब्यामध्ये आणि आमच्या कडीच्या डब्यामध्ये फरक आहे तो पाश्चरायझेशनचा, आणि तो करणं दुधाइतकं सोपं नाही. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवतात. पांढरं साठीच्या वर गेलं की गोठायला लागतं. म्हणून ते सत्तावन्न अंशांच्या आसपास साडेतीन मिनिटं धरतात आणि लगेच थंड करतात. थोडं इकडे झालं तर जंतू जिवंत, थोडं तिकडे झालं तर नळ्यांमध्ये गोळे. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने फोडून विकल्या जाणाऱ्या अंड्याला हे सक्तीचं केलं. आपल्याकडे मोठा उद्योग तामिळनाडूत नामक्कल-इरोडच्या पट्ट्यात उभा राहिला. इरोडची एसकेएम एग प्रॉडक्ट्स ही कंपनी १९९५ ची, तिची अंड्याची भुकटी परदेशात जाते. पांढरं एका वाटेने, पिवळं मेयोनीज आणि बेकरीच्या कारखान्यांकडे दुसऱ्या वाटेने. ड्रेस्डेनचा जुना हिशेब इथे पुन्हा जुळतो.

हा डबा आमच्या गावातल्या दुकानात आजवर का आला नाही, तर वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भातल्या खेड्यांनी भारनियमनाचे असे दिवस काढले की फ्रीज कपाटासारखा वापरावा लागे. चार अंशांवर सतत राहणारी वस्तू त्या गावात कोण विकेल? आजही कळंबच्या दुकानात ती मिळत नाही. माझा भाचा नागपूरहून बर्फाच्या पिशव्या घालून थर्मोकोलच्या पेटीत एसटीने पाठवतो. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं, गावाला पहिल्यांदा स्टेशन मिळालं. पुढे यवतमाळ-नांदेडपर्यंत गाडी जोडली गेली की थंड पेटीची वाहतूकही सोपी होईल, अशी मी आशा धरून आहे.

पांढऱ्याची मागणी आमच्या दुकानात वाढली ती मात्र आजाऱ्यांमुळे नाही. पिवळ्याची भीती अमेरिकेतून आली. १९६८ साली तिथल्या हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळी खाऊ नका असं सांगितलं, कारण एका पिवळ्यात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं. २०१५ च्या आहार-मार्गदर्शनातून तिथल्या सरकारने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली, पण भीती काही निघाली नाही. ती आमच्या गावात व्यायामशाळेच्या पोरांबरोबर पोचली. जुन्या आखाड्यात पैलवान दूध, बदाम, तूप खात. आजची पोरं ट्रे नेतात, अंडी उकडतात, पांढरं खातात आणि पिवळं टाकतात. एकदा व्यायामशाळेच्या मागे पिवळ्या गोळ्यांचा ढीग बघून मी रडले. अंड्यातल्या सव्वासहा ग्रॅम प्रोटीनपैकी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास त्या पिवळ्यात असतं. अ आणि ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह, कोलीन जवळजवळ सगळं तिथेच. वीस वर्षांच्या धडधाकट मुलाने ते फेकावं असं काही त्याच्या प्रकृतीत नसतं. काही जण तर पांढरं कच्चं पितात. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन नव्वद टक्क्यांवर अंगी लागलं, कच्च्याचं पन्नास टक्क्यांच्या आसपास. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन हे बायोटिन जीवनसत्त्वाला धरून ठेवतं. डब्यातलं पाश्चराइज्ड पांढरंसुद्धा शिजवूनच खावं, कारण त्या सत्तावन्न अंशांनी अ‍ॅव्हिडिन पुरतं मोडत नाही.

माझ्या स्वयंपाकात या डब्याला बसवायला वेळ लागला. सुरुवातीला मी नेहमीसारखं तेल कडकडीत तापवून भुर्जी केली. पांढऱ्याला पाणी सुटलं आणि मग ते चामड्यासारखं झालं. नवऱ्याने दोन घास खाऊन ताट सरकवलं. "आज बी पांढरंच का?" एवढंच म्हणाले. पिवळ्यातली चरबी अंड्याला मऊ ठेवते, ती नसली की आच मंद हवी, हे मग कळलं. आता मी कढई मंद आचेवर ठेवते, कांदा परतून थोडं बेसन खरपूस भाजते, त्यात पांढरं ओतते आणि झाकण ठेवते. बेसन सुटलेलं पाणी ओढून घेतं. कडेने पांढरं धरायला लागलं की उलथन्याने आत ओढते. झुणक्याच्या अंगाने जाणारी ही भाजी त्यांना आवडते, ज्वारीच्या भाकरीबरोबर जाते. बेसन मोजकं, कारण डाळीचा फॉस्फरस मोजावा लागतो. मीठही बेताचंच, त्याची कसर लसूण आणि लिंबू भरून काढतात. पोटॅशियमसाठी कोथिंबिरीलासुद्धा आम्ही हात आखडता घेतो. धिरड्याच्या पिठात दोन मोठे चमचे घातले की एका अंड्याचं पांढरं झालं, म्हणजे तीसेक मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या डब्यात सोळा अंड्यांचं पांढरं बसतं. सोळा अंडी फोडून पांढरं काढायचं तर सोळा पिवळ्यांचं काय, हा प्रश्न दोन माणसांच्या घरात रोज उभा राहतो. डब्याने तो माझ्यापुरता सोडवला, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. केक-मेरिंगसाठी मात्र हा डबा चांगला नाही. तापवलेलं पांढरं फेटायला जास्त वेळ घेतं आणि ताज्याइतकं फुगत नाही. उघडलेला डबा तीन दिवसांत संपवायचा. मधे चतुर्थी आली, नवऱ्याचा उपवास आला, तर आधीच बेत आखावा लागतो.

ज्याला डॉक्टरांनी पिवळं वर्ज्य केलं त्याच्यासाठी ही वस्तू औषधाच्या मोलाची आहे, आणि ती तालुक्याच्या दुकानापर्यंत यायला हवी. डायलिसिसचे रुग्ण आता खेड्याखेड्यांत आहेत. बाकीच्यांनी अख्खं अंडं खावं. आणि सगळ्यांत आधी ते लहान मुलांच्या ताटात जावं, कारण वाढत्या अंगाला पिवळंही लागतं आणि पांढरंही.

इथे मला सरकारबद्दल बोलावंच लागेल. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये पुढे लहान मुलांनाही अंडी मिळू लागली. शेजारच्या राळेगाव, केळापूर, घाटंजीचा बराच भाग आदिवासी क्षेत्रात येतो. आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडी ताईने सांगितलं होतं, अंड्याच्या दिवशी पट भरलेला असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारातही आठवड्याला एक अंडं आणलं, न खाणाऱ्याला केळं. मला वाटलं, माझ्या आजीच्या खुराड्यातून बाजाराला गेलेलं अंडं शेवटी पोरांकडे परत आलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा बंद झाला. लोकसहभागातून द्यायचं तर द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि तो मागे घ्यावा अशी माझी मागणी आहे.

तोवर कळंब तालुक्यातल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसलेल्या वाचकांना सांगते, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ठोक भावात ट्रे आम्ही देऊ, नफा न धरता. एका ट्रेमध्ये तीस अंडी असतात, तेवढ्यात एक वर्ग होतो.